एका टिपरीतली दहा अब्ज अक्षरं

(दृश्य: करवीर तालुक्यातलं शेत. सऱ्या सोडलेल्या, ऊस लावण सुरू. कॅमेरा टिपरीच्या अगदी जवळ.)

कोयत्याचा एक घाव, आणि दोन डोळ्यांची टिपरी वेगळी होते. पेरावरची ही चपटी, टोकाला निमुळती कळी म्हणजे डोळा. त्याच्या रेषेत कांडीला वेढून गेलेला बारीक ठिपक्यांचा पट्टा बघा. टिपरी ओल्या मातीत गेली, की या ठिपक्यांतून मुळ्या सुटतात. मग डोळा फुगतो, कोंब वर येतो आणि वर्ष-दीड वर्षात त्या एका डोळ्याचं आख्खं बेट होतं.

या सगळ्यात बी कुठंच नाही. परागकण नाहीत, फळ नाही, दोन झाडांचा संकर नाही. उसाला तुरा येतो, पण तुऱ्यातलं बी कोणी शेतात पेरत नाही. लावतो ती कांडी. त्यामुळं कांडीच्या पेशीत जो डीएनए आहे, तोच नव्या उसात जसाच्या तसा उतरतो. खोडव्यात तोच, पुढच्या लावणीत तोच, शेजाऱ्यानं बेणं नेलं तर त्याच्या रानातही तोच.

को ८६०३२ या वाणाचं नाव कोल्हापुरात कोणाला सांगावं लागत नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन वाणांच्या संकरातून एक रोप निवडलं गेलं. नावातल्या ८६ वरून त्याचं साल कळतं, १९८६. आज महाराष्ट्रात जिथं जिथं ८६०३२ उभा आहे, तिथं जनुकांच्या हिशोबानं ते एकच रोप उभं आहे. कागलमध्ये तेच, शिरोळमध्ये तेच, सोलापुरातही तेच.

आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते. चांगलं वाण सापडलं की त्याचा प्रत्येक गुण न बदलता लाखो एकरांवर नेता येतो, हे ऊस उत्पादकाचं भाग्य आहे. पण गुणांबरोबर दुबळेपणाही तसाच पसरतो. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणानं साखरेचा उतारा वाढवला आणि शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. राज्यातल्या ऊसक्षेत्राचा फार मोठा भाग त्या एका वाणाखाली गेला. मग लाल कूज हा बुरशीचा रोग आला. त्या बुरशीला एका उसात शिरायची वाट सापडली म्हणजे सगळ्या उसांत सापडली, कारण सगळे ऊस एकच होते.

(दृश्य: नदीकाठ. पाऊस संपल्यानंतरचे दिवस, वाऱ्यावर डोलणारं पांढऱ्या तुऱ्यांचं गवत.)

आता जरा मागं जाऊ. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन ही तिथली दोन नावं. त्यांच्यापुढं अडचण सरळ होती. गोड, जाड, रसाळ ऊस होता, पण तो नाजूक होता. थंडी, पाण्याचा ताण, रोग, काहीच सोसत नव्हता. त्यांनी त्या गोड उसाचा संकर कोणाशी केला? नदीकाठच्या या गवताशी. याला काश म्हणतात. कांडी पेन्सिलीएवढी, रस नावापुरता, गोडी जवळजवळ नाहीच. जनावरंसुद्धा याकडं फार आवडीनं बघत नाहीत. पण हे गवत पुरात तगतं, उन्हाळ्यात जमिनीखाली जीव धरून राहतं आणि कापलं तरी पुन्हा फुटतं.

या संकरातून को २०५ हे वाण १९१८ साली बाहेर आलं. डचांनी जावा बेटावर जवळपास त्याच काळात हाच मार्ग धरला होता. आज जगात लागवडीखाली असलेले बहुतेक सगळे ऊस अशा मोजक्याच संकरांचे वंशज आहेत. आपल्या उसाच्या रक्तात हे काश गवत आहे.

पुढं १९३४ मध्ये जानकी अम्माल कोइमतूरला आल्या. पेशीशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली उसाची गुणसूत्रं मोजणं हे त्यांचं काम. त्या काळात, त्या साधनांनी ते किती चिकाटीचं होतं, हे आकड्यांवरून कळेल. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. आजच्या उसाच्या पेशीत १०० ते १३०, आणि वाणागणिक आकडा बदलतो. ती आखूड, एकमेकांसारखी दिसणारी, दाटीवाटीनं पडलेली. जानकी अम्माल यांनी उसाचा संकर मक्याशीही करून पाहिला आणि त्यातून आलेल्या झाडांची गुणसूत्रं तपासली. या बाईंचं नाव ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत माहीत असायला हवं.

गुणसूत्रांचा हा पसारा झाला कसा? गोड उसाची गुणसूत्रं ८०. एरवी संकरात आई अर्धी देते, बाप अर्धी देतो. इथं गोड ऊस आई झाला, तर तो अर्ध्यावर थांबत नाही, ८० च्या ८० पुढं देतो. काश गवत मात्र आपली अर्धीच देतं. मग त्या पिल्लाचा पुन्हा गोड उसाशी संकर करायचा, गोडी वाढावी म्हणून, आणि आईची आणखी गुणसूत्रं त्यात भरायची. असं होत होत आजच्या उसात साधारण ८० टक्के वाटा गोड उसाचा आणि १० ते १५ टक्के काश गवताचा आहे. उरलेल्या गुणसूत्रांत दोघांचे तुकडे जोडले गेले आहेत.

(दृश्य: गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाड, काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी.)

त्या ८० टक्क्यांनी काय दिलं, ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. हे गुऱ्हाळ पुरेसं आहे.

गुळव्याची नजर काहिलीवरून हलत नाही. फेस कसा चढतो, तार कशी धरते, कधी उतरवायचं, हे तो यंत्राशिवाय ठरवतो. त्याला विचारा, गूळ कशानं बिघडतो? तो आधी उसाचं वाण विचारेल, मग ऊस कधी तोडला ते विचारेल. शिळ्या उसाचा गूळ धरत नाही, रवा मऊ पडतो, पावसाळ्यात पाघळतो. याचं कारण पेशीत आहे. उसाच्या कांडीत इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. ते साखरेचा रेणू तोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळं करतं. ऊस वाढत असताना झाडाला त्याची गरज असते. पक्व कांडीत ते मंदावतं आणि साखर साठते. ऊस तोडून ठेवला, की विकर पुन्हा जोर धरतं, जोडीला जिवाणूही येतात. फुटलेली साखर खडा धरत नाही, उलट हवेतलं पाणी ओढते. तोडलेला ऊस दिवसाच्या आत चरकात घालायचा हा गुऱ्हाळाचा नियम याच विकराला धरून आहे.

कोणत्या वाणात हे विकर किती आणि केव्हा तयार होतं, ते जनुकं ठरवतात. गुळाला एक वाण मानवतं आणि कारखान्याला दुसरं, ते उगीच नाही. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रानं गुळासाठी को ९२००५ हे वाण पुढं आणलं. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार इथं रुजवला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. या सगळ्या लौकिकाच्या मुळाशी मातीइतकाच उसाच्या पेशीतला हा कारभार आहे.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर डीएनएची अक्षरं.)

मग हा कारभार वाचायचा कसा? भाताचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा मजकूर, वाचून कधीचाच झाला. ज्वारीचा २००९ साली झाला. उसाला एवढा वेळ का लागला?

उसाचा जीनोम साधारण दहा अब्ज अक्षरांचा. माणसाचा तीन अब्जांच्या आसपास. पण खरी अडचण लांबीची नाही. माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. उसात त्याच जनुकाच्या आठ, दहा, बारा किंवा त्याहून जास्त प्रती असतात, आणि त्या तंतोतंत सारख्याही नसतात. एकाच पोथीच्या डझनभर हस्तलिखित नकला घ्या, प्रत्येकीत चार-दोन पाठभेद. सगळ्या फाडून तुकडे एका पोत्यात भरा, आणि आता प्रत्येक नकल वेगळी जुळवून द्या. हा तुकडा तिसऱ्या नकलेचा की नवव्या? लहान तुकड्यांवरून हे ठरतच नाही.

म्हणून आधी आडवळणानं जावं लागलं. २०१८ साली शास्त्रज्ञांनी ज्वारीचा जीनोम वाटाड्या म्हणून धरला. ऊस आणि ज्वारी जवळचे नातेवाईक. जनुकांचा क्रम बराचसा जुळतो. इकडं नदीकाठाला ऊस आणि रब्बीला शाळू, म्हणजे ज्वारी, घेणाऱ्या माणसाच्या दोन्ही रानांत एकाच घराण्याची पिकं उभी असतात. ज्वारीच्या आधारानं उसाच्या गुणसूत्रांच्या एका संचाचा ढोबळ आराखडा हाती आला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं काश गवताचा जीनोम प्रसिद्ध केला.

पुढं डीएनएचे लांबच लांब तुकडे अचूक वाचणारी यंत्रं आली. तुकडा लांब असला, की त्यात पाठभेद जास्त येतात आणि तो कोणत्या नकलेचा आहे ते उमगतं. मार्च २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आर ५७० या वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला. हे वाण हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरचं. अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांतल्या शास्त्रज्ञांचं हे एकत्र काम. अ‍ॅडम हीली पहिले लेखक. जुळवलेली अक्षरं ८.७ अब्ज.

त्यातला एक शोध आपल्याशी थेट बोलणारा आहे.

(दृश्य: उसाचं पान. वरच्या बाजूनं पिवळसर ठिपके, पान उलटल्यावर तपकिरी पूड.)

हा तांबेरा. पावसाळी, दमट हवेत पानावर आधी पिवळे ठिपके येतात, मग ते लांबट आणि तपकिरी होतात. पानाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं की बोटाला गंजासारखी पूड लागते. ती बुरशीची बीजं. वारा त्यांना फडातून फडात नेतो. पान करपतं, अन्न कमी तयार होतं, कांडी बारीक राहते.

काही वाणांना तांबेरा होतच नाही, हे पैदासकारांना फार पूर्वीपासून माहीत होतं. त्या गुणाची जागाही ठरली होती. तिला नाव दिलं होतं ब्रू १. पण त्या जागेत नेमकं कोणतं जनुक काम करतं, ते सापडत नव्हतं, कारण नकाशात तिथंच खिंडार होतं. आर ५७० चा जीनोम जुळला, खिंडार भरलं आणि शेजारी शेजारी असलेली दोन जनुकं पुढं आली. लाखांवर जनुकांच्या त्या गर्दीत ही दोन मिळून उसाला तांबेऱ्यापासून वाचवतात, असं आता दिसतं. वनस्पतींमध्ये अशी जोडीनं राखण करणारी जनुकं थोडीच ठाऊक आहेत.

याचा उपयोग रोपवाटिकेत आहे. उसाचं नवं वाण तयार व्हायला बारा-पंधरा वर्षं सहज जातात. रोप हातभर असतानाच पानाचा तुकडा घेऊन त्यात ही जनुकं आहेत का ते तपासता आलं, तर तांबेरा येण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

जनुक संपादनाचंही काम सुरू आहे. फ्लोरिडा विद्यापीठात क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्रानं पानांच्या हिरवेपणाशी संबंधित एका जनुकाच्या ४९ प्रती एकाच वेळी बदलल्या गेल्या, आणि पानं फिकट पडली. एवढ्या प्रती एका फटक्यात बदलता येतात हे दाखवणं, एवढाच त्या प्रयोगाचा हेतू. भारतानं २०२२ साली, बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जनुकबदल पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. उसाच्या शेतात हे यायला मात्र वेळ आहे.

(दृश्य: शिरोळ तालुका. पुराचं पाणी ओसरलेला ऊस, गाळानं माखलेली पानं.)

आमच्या मते कोल्हापूरनं शास्त्रज्ञांकडं आधी मागायला हवं ते पुरात तगणाऱ्या उसाचं उत्तर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी फडांत शिरलं. शेंडा पाण्याखाली गेला की वाढीचा कोंबच कुजतो. मग कांडीवरचे डोळे फुटायला लागतात, पेरांना हवेतच लालसर मुळ्या सुटतात, आणि साठवलेली साखर त्या नव्या फुटव्यांवर खर्च होते. ऊस उभा दिसतो, पण वजनाला आणि उताऱ्याला मार खातो. काश गवताला पुराची सवय आहे. ती सहनशक्ती त्याच्या कोणत्या जनुकांत आहे, त्यातली किती आपल्या वाणांत उतरली आणि किती मागं राहिली, हे प्रश्न आता नावनिशीवार विचारता येतात.

त्यासाठी जुनी वाणं आणि रानटी नातेवाईक जपलेले हवेत. केरळात कण्णूरला उसाच्या जगभरातल्या वाणांचा संग्रह राखला जातो. आणि आपल्या उंबऱ्यावर, आजऱ्याहून पुढं आंबोलीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं पैदास केंद्र आहे. तिथल्या हवेत उसाला तुरा येतो आणि बीही धरतं. एका वाणाच्या तुऱ्यावर दुसऱ्याचे पराग झटकले जातात. ते बी कापसाच्या तंतूंत गुरफटलेलं, डोळ्याला जेमतेम दिसणारं. शेतातली टिपरी आईची नक्कल करते. हे प्रत्येक बी मात्र गुणसूत्रांची नवी वाटणी घेऊन उगवतं. अशा हजारो रोपांतून वर्षानुवर्षं निवड करत, पाडेगाव, मांजरी, कोल्हापूर अशा ठिकाणी लावून बघत, एखादंच वाण शेतकऱ्यापर्यंत येतं. ते आल्यावर रानाचा एक तुकडा त्याला द्या, सगळं रान एकाच वाणाखाली ठेवू नका, आणि बेणं घेताना ते कोणत्या मळ्यातून, कोणत्या वाणाचं आलं याची चिठ्ठी मागून घ्या.