ताईचा कागद आणि नोलनचा पहिला सिनेमा

नमस्कार मंडळी, आज एका पहिल्या सिनेमाबद्दल बोलायचंय. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनचा ‘फॉलोइंग’, 1998 चा. नोलन म्हटलं की आता अवाढव्य पडदा आठवतो, पण हा सिनेमा झाला साधारण 6000 डॉलरमध्ये. परत सांगते, 6000 डॉलर. ब्लॅक अँड व्हाईट, 16 एमएम म्हणजे अरुंद, स्वस्तातली फिल्म, लंडनमध्ये शूटिंग, तेही शनिवारी, कारण बाकी दिवस सगळ्यांच्या नोकऱ्या, असं जवळपास वर्षभर चाललं. तरी फिल्म वाया घालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून आधी नाटकासारख्या तालमी करायच्या नि एक-दोन टेकमध्ये सीन ओके.

गोष्ट एका रिकामटेकड्या तरुणाची, त्याला लेखक व्हायचंय, म्हणून तो रस्त्यात अनोळखी माणसांच्या मागे मागे जातो. मग कॉब नावाचा चोर त्याला हेरतो नि लोकांच्या घरात घेऊन शिरतो. पुढचं सांगणार नाही.

तर मी आणि ताईनं हा पहिल्यांदा बघितला तेव्हाची गंमत सांगते. दिवा मालवून बसलो, दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, हिरोचे केस वाढलेले, कळकट जॅकेट, आणि अचानक तोच माणूस केस कापून सुटात, मग एकदम तोंड सुजलेलं. ताई म्हणाली, थांबव गं, सीडी खराब आहे, मधला भाग उडालाय. मागे नेलं, परत तेच! पुन्हा मागे, पुन्हा तेच. मग तिनं दिवा लावला, कागद घेतला आणि तीन रकाने पाडले, केस वाढलेले, केस कापलेले, तोंड फुटलेलं, आणि प्रत्येक सीन त्या त्या रकान्यात लिहायला लागली. सिनेमा फक्त 70 मिनिटांचा, आम्हाला दोन तास लागले! पण शेवटाकडे ताईचा पेन हवेतच थांबला, तिन्ही रकाने एकमेकांत बसले होते, आणि ती हळूच म्हणाली, अगं, ह्याला पहिल्यापासून कुणीतरी खेळवतंय. लक्षात घ्या मंडळी, सीडी चांगलीच होती, गोष्टच काळ मागेपुढे करून सांगितलीय, आणि काळ ओळखायला खाली पाटी नाही, नुसते केस नि जखमा. केस नि जखमा, बस्स.



अजून एक, हिरोच्या घराच्या दारावर बॅटमॅनचं चिन्ह चिकटवलेलंय, आणि 2005 मध्ये नोलननंच बॅटमॅनचा सिनेमा केला. ते दार दिसलं तेव्हा मी किंचाळलेच.

‘फॉलोइंग’मध्ये कॉब म्हणतो की प्रत्येकाकडे एक खोका असतो, फोटो, पत्रं, बारीकसारीक वस्तूंचा, लपवलेला, पण कुणीतरी बघावा असंही वाटणारा. त्या रात्री झोपायच्या आधी ताईनं कपाटातला तिचा पत्रांचा डबा काढला, थोडा वेळ मांडीवर धरला, आणि माझ्याकडे बघत दुसऱ्या कप्प्यात ठेवला.