अल्बम येण्याआधीच झालेली विक्री

नमस्कार श्रोतेहो.

आज मी फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरच्या 'गेट रिच ऑर डाय ट्राइंग' या अल्बमबद्दल बोलणार आहे. नाव ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. उस्ताद अमीर खाँ यांच्या इंदुरात बसून हे काय चालवलंय, असं काही जणांच्या मनात येईल. त्या गाण्यांतली भाषा घरात चारचौघांसमोर लावण्याजोगी नाही, हेही मीच आधी सांगून टाकतो. पण माझी उभी नोकरी बँकेत लोकांच्या कर्जाचे कागद वाचण्यात गेली. या अल्बमची गाणी मी नंतर ऐकली, त्याचा हिशेब आधी वाचला.

तारीख ६ फेब्रुवारी २००३, वार गुरुवार. अल्बम अमेरिकेतल्या दुकानांत आला. खपाचा आठवडा तिथे रविवारी संपायचा, म्हणजे हाताशी जेमतेम चार दिवस. तेवढ्यात ८ लाख ७२ हजार प्रती खपल्या आणि मोठ्या कंपनीकडून आलेला त्याचा हा पहिलाच अल्बम खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

गुरुवारच का? त्या काळी अमेरिकेत नवे अल्बम मंगळवारी यायचे, हाही ११ तारखेच्या मंगळवारी यायचा होता. पण त्याच्या चोरट्या प्रती आधीच रस्त्यावर आणि इंटरनेटवर फिरू लागल्या. कंपनीने घाईघाईने तारीख अलीकडे ओढली.

आता मजा बघा. ज्या चोरट्या बाजाराच्या धास्तीने ही धावपळ झाली, त्याच बाजाराने या माणसाला कंपनीच्या दारापर्यंत आणून सोडलं होतं.

त्याचं खरं नाव कर्टिस जॅक्सन. जन्म १९७५ चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या साउथ जमैका या वस्तीतला. आई लहानपणीच गेली, आजी-आजोबांनी वाढवलं आणि मिसरूड फुटायच्या आत तो अमली पदार्थ विकायला लागला. रन-डीएमसी या नावाजलेल्या गटातल्या जॅम मास्टर जे याने त्याला गाण्याची बांधणी शिकवली, मात्रा मोजायला शिकवलं. पुढे कोलंबिया या बड्या कंपनीने त्याच्याशी करार केला. अल्बम तयार झाला, २००० साली यायचा होता. २४ मे २००० रोजी आजीच्या घरासमोर त्याच्यावर नऊ गोळ्या झाडल्या गेल्या. एक गालात घुसली. तो वाचला, पण बोलणं कायमचं थोडं जड झालं. कंपनीने करार सोडला, अल्बम फडताळात गेला.

कंपनीचा राग मला पूर्णपणे येत नाही. कर्जदाराच्या जिवावरच बेतलंय म्हटल्यावर कोणता अधिकारी फाइल पुढे सरकवेल? मीही बाजूलाच ठेवली असती.

दुसरी कंपनी दारात उभी करेना, तेव्हा त्याने मिक्सटेप काढायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणाच्या लोकप्रिय गाण्याचं वाद्यसंगीत उचलायचं, त्यावर आपले शब्द म्हणायचे, सीडी भरायच्या आणि फुटपाथवर, न्हाव्याच्या दुकानात, जमेल तिथे विकायच्या. परवानगी नाही, बारकोड नाही, कुठल्याही यादीत नोंद नाही. कायद्याने बघाल तर चोरीच. कंपन्यांना हे ठाऊक होतं, पण फुकटात जाहिरात होतेय म्हणून त्या डोळ्यांवर कातडं ओढून बसायच्या. २००२ पर्यंत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याचं नाव झालं होतं. त्याची एक सीडी एमिनेम या गाजलेल्या रॅपरच्या कानावर पडली. एमिनेम आणि नावाजलेला संगीत निर्माता डॉक्टर ड्रे या दोघांनी मिळून त्याला १० लाख डॉलरच्या करारावर घेतलं. अल्बमच्या आधी जानेवारीत आलेलं 'इन द क्लब' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या गाण्यांच्या यादीत नऊ आठवडे पहिलं राहिलं.

त्याच क्वीन्समधल्या दुसऱ्या पोराचं बघा. नॅस या रॅपरचा 'इलमॅटिक' हा अल्बम १९९४ साली कोलंबियाने काढला. जाणकारांनी तो डोक्यावर घेतला, आजही रॅपमधल्या थोर अल्बमांत त्याचं नाव येतं. पण पाच लाख प्रतींचं गोल्ड प्रमाणपत्र त्याला १९९६ साली मिळालं आणि दहा लाखांचं प्लॅटिनम थेट २००१ साली. चोरट्या प्रती त्याच्याही निघाल्या होत्या. दोन्हींत उजवा कोणता विचाराल तर मी 'इलमॅटिक'च म्हणेन. खप आणि गुण यांची कुंडली दर वेळी जुळतेच असं नाही. नॅसकडे शब्द होते. फिफ्टी सेंटकडे शब्दांच्या आधीच वाट बघणारं गिऱ्हाईक होतं.

दुसऱ्या आठवड्याचा आकडाही सांगतो. अशा अल्बमांचा खप दुसऱ्या आठवड्यात सहसा धाडकन खाली येतो. याच्या पुन्हा ८ लाख २२ हजार प्रती गेल्या. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम हाच. कर्जवसुलीत मुरलेल्या माणसाला पहिल्या हप्त्यापेक्षा दुसरा हप्ता जास्त खूश करतो.

आता त्या १० लाख डॉलरकडे वळू. ऐकणाऱ्याला वाटतं बक्षीस मिळालं. मोठ्या कंपनीने हातावर ठेवलेली रक्कम म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराला मुकादम देतो ती उचल. रेकॉर्डिंगचा खर्च आणि बहुतेक वेळा व्हिडिओच्या खर्चाचाही भाग त्याच खात्यात नावे पडतो. गायकाच्या रॉयल्टीतून, म्हणजे खपातल्या त्याच्या वाट्यातून, हे सगळं फिटेपर्यंत त्याला रॉयल्टीचा पैसा दिसत नाही. अल्बम आपटला तर कंपनी सहसा घरी वसुलीला येत नाही, पण पुढच्या अल्बमच्या रॉयल्टीतून मागचं येणं वळतं करून घेते. आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी? ती बहुधा कंपनीकडेच राहते, कर्ज फिटलं तरी. घर गहाण ठेवून कर्ज फेडलं आणि घर मात्र बँकेकडेच राहिलं, असा कागद माझ्या शाखेत कुणी आणला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या रामबागेतला एक मुलगा. मराठी-हिंदी-माळवी मिसळून रॅप लिहितो, बरं लिहितो. मोबाइलवर आलेला एका कंपनीचा करार घेऊन तो माझ्याकडे आला.

"काका, सही करू का? पहिला अल्बम काढतायत."

मी म्हटलं, "रॉयल्टीचं कलम कुठंय?"

"ते वकील बघतील ना, काका."

वकील अर्थात कंपनीचे. मी त्याला लताबाईंची गोष्ट सांगितली. याच इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या या बाईंनी गायकांनाही रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला, आणि त्यापायी रफीसाहेबांशी झालेला बेबनाव काही वर्षं टिकला. दुसरं सांगितलं ते २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीचं. तीनुसार गीतकाराला आणि संगीतकाराला आपल्या वाट्याची रॉयल्टी कंपनीला सोडून देता येत नाही, तसं लिहून दिलं तरी. रॅपर स्वतः लिहितो, म्हणजे तो नुसता गायक नव्हे, गीतकारही आहे. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सही अजून व्हायची आहे.

रॅप म्हणजे पोवाड्याचाच नातू, असं सांगायची हल्ली टूम आहे. मी त्या वाटेला जात नाही. नातं जुळवलं की करार वाचायचा राहून जातो. मात्र एक साखळी जरूर सांगेन. तोच नॅस पुढे स्वतः मास एपील या कंपनीचा भागीदार झाला, तिची भारतातली शाखा २०१९ साली निघाली आणि अंधेरीच्या डिवाइन या रॅपरचा 'कोहिनूर' हा पहिला अल्बम तिनेच काढला. तोवर 'गली बॉय' या सिनेमामुळे डिवाइनचं नाव घरोघरी झालं होतं.

राहता राहिला मिक्सटेपचा धंदा. जानेवारी २००७ मध्ये अटलांटात पोलिसांनी मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा घातला. अमेरिकेच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचे लोक सोबत होते. हजारो सीडी जप्त झाल्या, त्याला अटक झाली. ज्यांच्या गाण्यांच्या त्या सीडी होत्या, त्यांतले कितीतरी गायक या कंपन्यांचेच करारबद्ध होते. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अटलांटिक या बड्या कंपनीकडून डीजे ड्रामाचा पहिला अल्बम बाजारात आला, या वेळी बारकोडसकट.