जगज्जेत्याचं गाव कोणतं?

नमस्कार. मोटार शर्यतींवर व्याख्यान असूनही वाचनालयाची ही खोली भरली, याचा मला फार आनंद आहे. शर्यतींच्या पहिल्या पिढ्यांतले विजेते नक्की कुठले म्हणायचे, हा आजचा विषय. त्याची सुरुवात मात्र मी शर्यतीपासून करणार नाही. आपल्याकडे नवा माणूस भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, 'गाव कोणतं तुमचं?' त्यावर कुणीही जन्मगाव सांगत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आपल्यातले निम्मेअधिक लोक आजोळी जन्मलेले. मी स्वतः जन्मलो बेळगावला, वाढलो चिंचवडला, तिथेच चौतीस वर्षं इंजिन तपासणीच्या खात्यात काढली. पण गाव विचाराल तर वाई. ही तीन उत्तरं एका माणसाची आहेत हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सरकारी अर्जाला मात्र ते कळत नाही.

माझा जन्म १९५३चा. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. जन्मनोंदीत माझं राज्य मुंबई. शाळेतल्या कारकुनांनी त्या वेळच्या नकाशाप्रमाणे दाखल्यावर लिहिलं म्हैसूर. पुढे पासपोर्ट काढायला गेलो तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, कर्नाटक लिहा. म्हटलं, साहेब, मी जन्मलो तेव्हा कर्नाटक नावाचं राज्यच नव्हतं. ते म्हणाले, मग तुमचे कागद जुळत नाहीत. चार खेपा झाल्या, दोन प्रतिज्ञापत्रं झाली. शेवटच्या खेपेला मी त्यांना विचारलं, 'गाव जागचं हललं नाही, मी नुसता जन्मलो, मग यात खोटं कोण बोललं?' ते काही बोलले नाहीत, शिक्का मारला. सीमाप्रश्नावर बोलायला मी इथे उभा नाही. पण त्या खिडकीशी उभं असताना मला सारखा एक माणूस आठवत होता. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

१९७८च्या अखेरीस आमच्या खात्यात कुणीतरी एक परदेशी मासिक आणलं होतं. त्यात त्या वर्षीचा फॉर्म्युला वनचा, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक स्पर्धेचा जगज्जेता, मारिओ आंद्रेत्ती. फोटोखाली लिहिलेलं, अमेरिकन. आतल्या मजकुरात जन्मस्थान मोंटोना, इटली. मी नकाशात मोंटोना शोधायला बसलो. इटलीचा सगळा बूट पालथा घातला, मिळेना. पुष्कळ दिवसांनी कळलं की मी चुकीच्या देशात शोधत होतो. ते गाव इस्त्रिया नावाच्या द्वीपकल्पात एका टेकडीवर आहे, आणि तेव्हाच्या नकाशात ते युगोस्लाव्हियात होतं, मोतोवुन या नावानं. आज ते क्रोएशियात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी, मग इटली, १९४७च्या पॅरिस तहानं युगोस्लाव्हिया, १९९१पासून क्रोएशिया. त्या गावातली एखादी दीर्घायुषी आजी उंबरठा न ओलांडता चार देशांत राहिली असेल. नावसुद्धा दोन, आपल्या बेळगाव-बेळगावीसारखी.

मारिओ आणि त्याचा जुळा भाऊ आल्दो २८ फेब्रुवारी १९४०ला तिथे जन्मले. घरची भाषा इटालियन. तहानंतर गाव दुसऱ्या देशाचं झालं, आणि १९४८ला हे कुटुंब घरदार सोडून इटलीत आलं. आलं म्हणजे कुठे, तर लुक्का शहरातल्या निर्वासितांच्या छावणीत. एक-दोन महिने नाही, जवळजवळ सात वर्षं. म्हणजे मुलांचं सगळं बालपणच. १९५४ला ही दोन पोरं मोंझाच्या शर्यतमार्गावर इटालियन ग्रां प्री, म्हणजे तिथली मोठी शर्यत, बघायला गेली. त्यांचा देव होता अल्बेर्तो अस्कारी, मिलानचा, १९५२ आणि १९५३चा जगज्जेता. मारिओनं त्याला डोळ्यांनी पळताना पाहिलं आणि तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

आता तारखा नीट ऐका, मला त्या तोंडपाठ आहेत. २६ मे १९५५. त्याच मोंझाच्या मार्गावर सराव करताना अस्कारी गेला. १६ जून १९५५. आंद्रेत्ती कुटुंब बोटीनं न्यूयॉर्कला उतरलं, वडिलांजवळ १२५ डॉलर. मधे फक्त तीन आठवडे. पंधरा वर्षांच्या पोरानं देश सोडला तेव्हा त्याचा देव नुकताच मातीत गेला होता. पुढे पेन्सिल्व्हेनियातलं नाझरेथ गाव, तिथला मातीचा शर्यतमार्ग, दोघा भावांनी जुळवलेली जुनी हडसन गाडी. १९६४ला अमेरिकेचं नागरिकत्व. १९६९ला इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. आणि १९७८ला जगज्जेतेपद पक्कं झालं ते कुठे? मोंझालाच. तो दिवसही आनंदाचा राहिला नाही. त्याचा संघसोबती रॉनी पीटरसन त्या शर्यतीत जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी वारला.

माझं दुखणं असं की हे सगळं जगज्जेत्यांच्या तक्त्यात नावापुढच्या एका चौकोनी झेंड्यात मावतं. तक्ता उघडा: इटलीचा शेवटचा जगज्जेता अस्कारी, १९५३. त्यानंतर आजतागायत इटलीच्या नावापुढे कुणी नाही. आणि अस्कारीला बघून शर्यतीत उतरलेला, इटलीत जन्मलेला, इटालियन बोलणारा मुलगा मोंझाला जगज्जेता होतो आणि त्याच्यापुढे अमेरिकेचा झेंडा लागतो. झेंडा चुकीचा नाही. अमेरिकेनं त्याला घर दिलं, त्याचा मान तिचाच. पण त्या झेंड्याखाली लुक्काची छावणी दिसत नाही, आणि ती दिसायला हवी.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मूळ विषय पहिल्या पिढ्यांच्या विजेत्यांचा आहे, तेव्हा आता पावलं उचलतो.)

मुळात शर्यतीत राष्ट्र आलं ते माणसाचं नव्हे, गाडीचं. १९००ला गॉर्डन बेनेट करंडक सुरू झाला. त्यात गाडीचा प्रत्येक भाग त्या-त्या देशात बनलेला हवा, अगदी टायरसुद्धा. १९०१ला इंग्लंडच्या नेपिअर गाडीला परदेशी टायर लावावे लागले आणि ती करंडकासाठी बाद ठरली. दुसऱ्या वर्षी नेपिअर जिंकली. चालवणारा सेल्विन एज लंडनमध्ये वाढलेला, जन्म ऑस्ट्रेलियात सिडनीजवळचा. १९०३ला करंडक जर्मनीला गेला, मर्सिडीजमुळे, आणि चालवत होता बेल्जियमचा कामिय जेनात्सी. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. फ्रान्सची निळी, जर्मनीची पांढरी, इंग्लंडची हिरवी हे रंग गाड्यांचे होते.

१९०६ला ल मान्सला पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली. दोन दिवसांची शर्यत, जिंकली फ्रान्सच्या रेनो गाडीनं. फ्रान्सभर जल्लोष. चाकावर होता फेरेन्स सिस, हंगेरीतल्या सेगहालोम गावचा. कुलपं दुरुस्त करण्याचं काम शिकलेला, पोटासाठी फिरत फिरत पॅरिसला आलेला आणि लुई रेनोच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसता बसता चालक झालेला. पुढे त्यानं फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं. या माणसावर मी एक अख्खा तास बोलू शकतो, पण आज नाही.

अमेरिकेत तर सुरुवातीची यादी म्हणजे बोटीनं आलेल्यांची यादी वाटते. १९१२ आणि १९१४चा राष्ट्रीय विजेता राल्फ दे पाल्मा दक्षिण इटलीतल्या बिक्कारीचा. १९१६चा विजेता दारिओ रेस्ता इटलीत जन्मलेला, इंग्लंडात वाढलेला. १९२०चा गास्तों शेव्हरोले: आईबाप स्विस, जन्म फ्रान्समधल्या बोनचा, विजय इंडियानापोलिसचा, मृत्यू कॅलिफोर्नियातल्या शर्यतमार्गावर, आणि राष्ट्रीय विजेतेपद मरणोत्तर. सांगा, कोणता झेंडा लावायचा? उलटंही असतं. रुडॉल्फ काराचिओला, १९३५, १९३७ आणि १९३८चा युरोपचा विजेता, आडनाव ऐकून इटालियन वाटेल. माणूस ऱ्हाइनकाठच्या रेमागेनचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा जर्मन. महायुद्धानंतर तो स्वित्झर्लंडचा नागरिक झाला.

काही जण म्हणतात, अर्जेंटिनाचा जगज्जेता फांजिओ खरा इटालियन. हे मला मान्य नाही. वडील आब्रुत्सोहून लहानपणीच आलेले, हे खरं. पण हुआन मानुएल जन्मला अर्जेंटिनातल्या बाल्कार्सेत, गॅरेजात काम शिकला तिथे, सुरुवातीच्या गाडीसाठी वर्गणी काढली बाल्कार्सेच्या लोकांनी, आणि १९४९ला युरोपला धाडलं अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबनं. पाच जगज्जेतेपदं मिळवून तो परत गेला तेही तिथेच. जन्म, वाढ आणि झेंडा तिन्ही एका जागी. रक्त कुठून आलं यावरून गाव ठरवायला लागलो तर कुणाचंच ठरणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे व्याख्यान ठेवलं तो मुद्दा, पाच मिनिटांत. १९५०ला जागतिक विजेतेपद सुरू झालं, पहिला मान तुरिनच्या नीनो फारिनाचा. तिथपासून १९७८पर्यंत सोळा माणसं जगज्जेती झाली. त्यांतल्या चौदांचा जन्मदेश आणि झेंडा एकच आहे. मग दोघांसाठी एवढा आटापिटा का, असं आताच मागून कुणीतरी म्हणालं. त्यातला दुसरा ऐका. योखेन रिंट, १९७०चा जगज्जेता. वडील जर्मन, आई ऑस्ट्रियन, जन्म जर्मनीत माइन्झला. पंधरा महिन्यांचा असताना हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यात आईवडील दोघंही गेले. पोराला वाढवलं ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये आईच्या आईवडिलांनी. आजोळी वाढला तो. शर्यतीचा परवाना ऑस्ट्रियाचा काढला, नागरिकत्व मात्र जर्मनीचंच राहिलं. ५ सप्टेंबर १९७०ला, पुन्हा मोंझालाच, सरावातल्या अपघातात वारला, आणि उरलेल्या शर्यतींत त्याचे गुण कुणालाच गाठता आले नाहीत, म्हणून मान त्याचाच राहिला. परवान्यामुळे तक्त्यात तो ऑस्ट्रियाचा. जर्मनीचा पहिला जगज्जेता म्हणून १९९४चा मिखाएल शूमाकर. आता जागतिक विजेतेपदात पासपोर्टावरचं राष्ट्रीयत्व धरतात. तोच नियम रिंटला लावला तर जर्मनीचा पहिला जगज्जेता चोवीस वर्षं मागे सरकतो. तसंच अमेरिकेचं. तिचे जगज्जेते दोन, १९६१चा फिल हिल आणि आंद्रेत्ती. अमेरिकेत जन्मलेला एकच, मायामीचा हिल.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की एका रकान्याचे तीन करा. जन्म कुठला, वाढला कुठे, परवाना कुणाचा. झेंडा काढू नका, शेजारी दोन गावांची नावं लिहा.

वेळ संपली. असा तक्ता मी हातानं करून आणला आहे, सोळाही जणांचा. दाराशी फलकावर लावलाय. आंद्रेत्तीच्या ओळीत मोंटोनाच्या पुढे मोतोवुनही लिहिलं आहे, नकाशात शोधणाऱ्याला सापडावं म्हणून. रिंटच्या 'वाढला कुठे'च्या रकान्यात लिहिलंय: ग्राट्स, आजोळी.