लेखकाच्या नावाने

मित्रहो, कॉपीराइटची मुदत हा दिसायला साधा आकडा. पण राजकारण, धंदा आणि संस्कृती यांची ओढाताण या एका आकड्यात जितकी उघडी पडते, तितकी मला दुसरीकडे कुठेच दिसलेली नाही.

सतराव्या शतकात लंडनमध्ये छपाईचा मक्ता ‘स्टेशनर्स कंपनी’ या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाकडे होता. सत्तेला नकोसं लिखाण दाबायचं होतं आणि संघाला स्पर्धा नको होती. दोघांचं छान जमलं. १६९५ मध्ये परवान्याचा कायदा संपला, तसा मक्ताही गेला. संघाने तो परत मागून पाहिला, संसद बधेना. तेव्हा त्यांनी लेखकाला पुढे केलं. लेखकाचं नुकसान होतंय हो, काहीतरी करा! त्यातून १७१० चा कायदा आला. विद्येला उत्तेजन देण्यासाठी, असं त्याच्या नावातच लिहिलंय. नव्या पुस्तकाला १४ वर्षं, आणि लेखक तेव्हा हयात असेल तर आणखी १४.

तीही संपली, तरी लंडनचे विक्रेते हक्क सोडायला तयार नव्हते. आमचा हक्क कायमचा, असा त्यांचा दावा. एडिंबराचा अलेक्झांडर डोनाल्डसन मात्र मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापून विकत राहिला. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या शेवटच्या न्यायपीठापर्यंत, गेला आणि १७७४ मध्ये कायमचा हक्क फेटाळला गेला. ती बातमी पोहोचली तेव्हा एडिंबरात होळ्या पेटल्या, रोषणाई झाली म्हणतात. पुस्तकं सगळ्यांची झाली म्हणून शहर उजळतं, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

पुढे आकडा वाढतच गेला. अमेरिकेत १९९८ मध्ये मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वरून ७० वर्षं झाली. कंपनीने करवून घेतलेल्या कृतींना ७५ ऐवजी ९५. डिस्नेसारख्या कंपन्यांनी त्यासाठी जोर लावला होता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती वाढ कायम केली. मला त्यात पटत नाही ती एक गोष्ट: वाढ जुन्या कृतींनाही मिळाली. गेलेला लेखक आता कोणत्या उत्तेजनाने लिहायला बसणार आहे?

दर वेळी कारण धंदाच असतं असंही नाही. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. ५० वर्षांच्या नियमाने त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार होतं, आणि हक्क त्यांनीच स्थापन केलेल्या विश्वभारती या विद्यापीठाकडे होते. १९९२ मध्ये भारताने मुदत ६० वर्षं केली. भावना आदराची होती, मी ती नाकारत नाही. पण कायदा एका कवीपुरता थांबत नाही. ज्यांचं नावही कुणाच्या लक्षात नव्हतं, त्यांची पुस्तकंही आणखी १० वर्षं अडकली.

माझा जीव तुटतो तो अशांसाठीच. मिकी माउसला वकील मिळतात. पण हक्क कुणाकडे आहे हेच कळत नाही अशा कृती असंख्य आहेत, आणि परवानगी मागायची कुणाकडे, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. जुने मूकपट नायट्रेटच्या फितीवर आहेत. ती फीत आधी चिकट होते, मग रिळात गुंडाळलेले तिचे थर एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. मुदत संपेपर्यंत वाट पाहून डबा उघडावा, तर आत तपकिरी भुकटी.