दोराच्या पुढच्या टोकाला

(मिनेसोटातल्या मराठी कुटुंबांच्या एका हौशी वॉटर स्की (बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरायचा खेळ) गटासमोर, हंगामाच्या तोंडावर दिलेलं व्याख्यान. थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग तसेच पडलेत आणि आत आपण पाण्यावर घसरायच्या गोष्टी करतोय, हे जरा वेड्यासारखंच आहे. पण एकदा डॉक, म्हणजे बोटी लावायचे धक्के, पाण्यात उतरले की तुम्ही कुणी माझं ऐकणार नाही. म्हणून आत्ताच बोलून घेतो.

इथून तासा-दीड तासावर लेक सिटी गाव आहे. तिथे मिसिसिपी नदी एवढी रुंद होते की तिला लेक पेपिन म्हणतात. 1922 सालच्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या पोराने तिथे पाण्यावर उभं राहायचा घाट घातला. आधी पिंपाच्या फळ्या बांधून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही फसलं. शेवटी त्याने पाइनच्या लांब फळ्या घेतल्या, टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वर वाकवली, पायासाठी चामड्याचे पट्टे ठोकले आणि दोर म्हणून खिडकीची दोरी वापरली. 2 जुलैला तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. स्कीची टोकं वर ठेवून मागे रेलायचं, ही युक्ती त्याला तेव्हा सापडली आणि आपण आजही तेच शिकवतो.

आता मला सांगा, बोट कोण चालवत होतं?

त्याचा भाऊ, बेन. दिवसामागून दिवस राल्फ पडत होता, म्हणजे दिवसामागून दिवस बेन बोट वळवून त्याच्याकडे परत जात होता. राल्फचं नाव इतिहासात गेलं. बेनला कुणी विचारत नाही. मी आज बेनच्या बाजूने बोलायला उभा आहे.

लोकांना वाटतं की बोट चालवणं म्हणजे वेग. जोरात न्या, गरगर फिरवा, मागचा ओरडला म्हणजे मजा आली. माझं म्हणणं उलट आहे. वीसेक वर्षं मी दुसऱ्यांना ओढतोय. माझ्या पोटात गोळा आणणारे जवळजवळ सगळे प्रसंग बोट हळू असताना किंवा उभी असताना आलेत. वेगात असताना तुम्ही आपोआप सावध असता. माणूस पडला, वेग उतरला, कुणी चिवड्याची पिशवी उघडली, की लक्ष सुटतं. आणि नेमकं तेव्हाच दोराच्या टोकाला असलेलं माणूस पाण्यात असतं, त्याचं फक्त डोकं वर असतं आणि तुमच्या बोटीखाली पंखा, म्हणजे प्रोपेलर, असतो.

माझीच चूक सांगतो. बहिणीचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता. स्की करून तो मागच्या प्लॅटफॉर्मवर बसला, पाय पाण्यात, एक स्की काढलेली, दुसरीचं बूट ओढून काढत होता. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. मी त्याला टॉवेल द्यायला मागे वळलो आणि माझ्या लाइफ जॅकेटचा लोंबता पट्टा थ्रॉटलच्या, म्हणजे वेग कमीजास्त करायच्या, दांड्यात अडकला. जुनी बोट, दांड्याची खाच झिजलेली. दांडा पुढे सरकला आणि बोटीने उडी घेतली. दहा फूट असेल, जास्त नाही. पोरगा मागे कलंडला, एका हाताने प्लॅटफॉर्मची कड धरून राहिला, हातातली स्की पाण्यात. मी दांडा मागे ओढला तोवर सगळं संपलंही होतं. त्याला ओरखडासुद्धा नाही. तो हसत होता. पुढे बसलेल्या बहिणीने शांतपणे एवढंच विचारलं, "चालू होती का रे ती?"

त्या दिवसापासून माझ्या बोटीवर न्यूट्रल नावाचा प्रकार नाही. माणूस शिडीला किंवा प्लॅटफॉर्मला हात लावायच्या आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलेलं असतं. तुम्ही म्हणाल, पुन्हा चालू करायला कटकट होते. होऊ दे. दिवसात तीस वेळा किल्ली फिरवली तर बॅटरी जरा दमेल, एवढंच.

इंजिन चालू असताना प्लॅटफॉर्मवर कुणी बसायचं नाही, याला आणखी एक कारण आहे. धूर. इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि हळू चालणाऱ्या किंवा उभ्या बोटीच्या मागे तो पाण्यालगत साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. एकेकाळी प्लॅटफॉर्मची कड धरून बोटीमागे पाण्यात घसरत जायची टूम होती. त्यात लोक बेशुद्ध होऊन बुडाले आणि कॅलिफोर्नियाने 2005 पासून कायद्याने ते बंद केलं. पोरं अजूनही नवीन शोध लावल्यासारखी ते करायला जातात.

आता पडलेल्या माणसाकडे परत कसं जायचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

नवा चालक काय करतो? मागून कुणीतरी ओरडतं "पडला!", हा घाबरतो, त्याच वेगात चाक गरकन फिरवतो आणि फेस उडवत परत येतो. दिसायला फार छान. पण या वळणाने दोन-तीन मोठ्या लाटा उठतात. त्या तळ्याच्या काठांवर आपटून परत येतात आणि पुढची दहा मिनिटं पाणी खवळलेलं राहतं. पडलेल्याच्या तोंडात पाणी जातं ते वेगळं. घाई कशाची आहे? लाइफ जॅकेट त्याच्या अंगात आहे, तो तरंगतोय. आधी थ्रॉटल खाली. बोट बसू द्या, तिची स्वतःचीच लाट मागून येऊन खालून निघून जाऊ द्या. मग अगदी रांगत वळा आणि ज्या रेघेवरून गेलात तिच्याच बाजूने परत या.

माणूस कायम तुमच्या बाजूला. स्कीच्या बोटीत चालक उजवीकडे बसतो, म्हणून पडलेला माणूस उजवीकडे. डावीकडे ठेवलात तर शेवटच्या पंधरा फुटांत तो बोटीच्या कडेखाली जाईल आणि तुम्ही अंदाजाने चालवाल. नुसता दोर द्यायचा असेल तर लांबूनच वळसा घाला. वळशाने दोर आपोआप त्याच्यापर्यंत सरकतो आणि हँडल हाताशी येतं. त्याला वर घ्यायचं असेल तर थोडं आधीच इंजिन बंद करून उरलेलं अंतर तरंगत जा.

आणि रिव्हर्स? माणसाकडे रिव्हर्सने जायचं नाही. कधीच नाही, चार फूट राहिले असले तरी नाही. आपल्या इनबोर्ड बोटीत, म्हणजे इंजिन आत असलेल्या बोटीत, पंखा सुकाणूच्या पुढे असतो, त्यामुळे पुढे जाताना पंख्याचं पाणी सुकाणूवर आदळतं आणि बोट ऐकते. रिव्हर्समध्ये ते पाणी सुकाणूकडे जातच नाही. तुम्ही चाक कुठेही फिरवा, बोटीचं मागचं अंग आपल्या मर्जीने एका बाजूला ओढलं जातं. कोणत्या बाजूला, ते पंख्याच्या फिरण्यावर ठरतं. आपल्या बोटीची ती खोड डॉकपाशी, पाण्यात कुणी नसताना ओळखून ठेवा.

राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून तुमच्यापैकी कित्येक जण गेले असतील. किल्ल्याच्या दरवाजाशी पायऱ्या आहेत, होडी हलत असते, पर्यटक उतरायची घाई करत असतात. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, शीड आधीच सोडतो आणि राहिलेल्या वेगावर होडी पायरीला आणून लावतो. घाई त्याच्या अंगात नसतेच. लहानपणी मला तो आळशी वाटायचा.

निरीक्षकाबद्दल. मिनेसोटाच्या कायद्याला रुंद आरसा किंवा मागे बघणारा माणूस, दोन्हींपैकी एक चालतं. मला दोन्ही लागतात. गणित सोपं आहे. ताशी 40 किलोमीटरला बोट सेकंदाला 11 मीटर जाते. तुम्ही पाच सेकंद मान वळवून "वा, काय छान उभा राहिला!" म्हणालात, की तेवढ्यात बोट 55 मीटर पुढे गेली, न बघता. समोर कयाक असेल, पोहणारा असेल, नाहीतर दुसऱ्या बोटीचा नुकताच पडलेला माणूस असेल. चालकाची नजर पुढे, निरीक्षकाची मागे, असं काम वाटून घ्यायचं.

आणि निरीक्षकाने बोलायचं, मान हलवायची नाही. हे मी खास आपल्या मंडळींना सांगतोय. आपली मान अशी हलते की ती हो आहे की नाही, हे आपल्या बायकोलाही तीस वर्षांत कळत नाही. (हशा) खुणा तर ठरलेल्याच आहेत: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे ताबडतोब थांबा. डोक्यावर थापटलं तर डॉककडे चला. आपल्याकडे डोक्याला हात लावणं म्हणजे "अरे देवा", इथे "घरी चला". पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरले तर मी ठीक आहे. ही खूण दिसली नाही तर त्याला लागलंय असंच धरून चाला.

सुरुवातीला अमेरिकन लोक "हिट इट" का म्हणतात, "गो" का नाही? कारण इंजिनाच्या आवाजात "गो" आणि "नो" सारखंच ऐकू येतं. मराठीत याहून भारी सापळा आहे. गेल्या वर्षी एक ताई पाण्यातून जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "थांबू नको!" वाऱ्यावर आमच्यापर्यंत पोचलं फक्त "थांब". मी थांबलो. त्या बुडाल्या. मी परत नेलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि ते मात्र एकेक अक्षर ऐकू आलं.

ओढायची पद्धत थोडक्यात. दोर ताणला जाईपर्यंत रांगत जा. ढिला दोर असताना थ्रॉटल मारलात तर खांदा निखळायची वेळ येते. मग एकसारखा वाढता जोर, झटका नाही. लहान पोरांना ताशी 22-24 किलोमीटर पुरतात, दोन स्कीवरच्या मोठ्यांना तिशीच्या आसपास. वळताना एक लक्षात ठेवा, तुमचा वेग तोच असला तरी बाहेरच्या अंगाला असलेल्याचा वाढतो आणि आतल्या अंगाचा मंदावून बुडायला लागतो. दोर 23 मीटरचा आहे. तुम्ही काठापासून लांब आहात म्हणजे मागचा माणूस लांब आहे असं नाही. तो कुणाच्या तरी डॉकवर जाऊन आदळू शकतो.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. बोटीत पायाखाली पडू द्यायचा नाही. यावर जास्त बोलत नाही, ज्यांनी दोराने भाजलेला तळवा बघितलाय त्यांना माहीत आहे.

स्लॅलमवाल्यांसाठी, म्हणजे तरंगत्या खुणांना (बोयांना) नागमोडी वळसे घालत जाणाऱ्यांसाठी, एक मिनिट. कोर्स 259 मीटरचा, सहा बोया, प्रत्येक बोया मधल्या रेघेपासून साडेअकरा मीटर बाहेर. ताशी 58 किलोमीटरला सगळा खेळ सोळा सेकंदांत संपतो. तेवढ्यात मागचा माणूस सहा वेळा बोटीला बाजूला खेचतो आणि तुम्ही तिला सरळ ठेवायचं. पूर्वी वेग कानाने आणि हाताने सांभाळायचे, आता जीपीएसवर चालणारी यंत्रणा तो धरून ठेवते. पण चाक अजून तुमच्याच हातात आहे. मागचा खेचतो तेव्हा थोडं, अगदी थोडं, उलट धरायचं. बोट सरकल्यावर मग सुधारायला गेलात तर त्याच्या पुढच्या वळणाचा सत्यानाश.

कायद्याचं एवढंच सांगतो: 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बहुतेक बोटींवर वेगात असताना किल स्विचची (चालक जागेवरून पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला अडकवणं देशभर सक्तीचं आहे, आणि मिनेसोटात 1 जुलै 2025 पासून तरुण चालकांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने परवाना लागू होतोय. बिअर डॉकवर परत आल्यावर.

कुणाचा प्रश्न? हो, काकू, बोला.

(प्रश्न: माझा नातू सोळाचा आहे. गाडी छान चालवतो. बोट कधी देऊ?)

काकू, गाडीचा इथे उपयोग नाही. बोटीला ब्रेक नसतो. आम्ही काय करतो सांगतो. मे महिन्यात पाणी एवढं गार असतं की कुणी उतरत नाही. तेव्हा एक जुनी लाल उशी तळ्यात टाकतो. ती उजव्या अंगाला घ्यायची, इंजिन आधी बंद करायचं आणि कुणीतरी वाकून हाताने उचलायची. आकडा, काठी काही नाही. उशीला बोटीचा धक्का लागला की पहिल्यापासून. सलग तीन वेळा जमलं की मग मागे माणूस. नातवाला आणा. गेल्या वर्षी मलाच सलग तीन जमायला अकरा खेपा लागल्या, हिवाळ्यात हात विसरतो. आणि येताना मोज्यांची जास्तीची जोडी आणा, उशी उचलणाऱ्याचे पाय हमखास भिजतात.