जार उलटा करून बघा

(वीस लिटरचा जार आडवा धरून) नमस्कार. हा आमच्या घरी येणारा पाण्याचा जार. बुडाशी बघा, छोटा त्रिकोण आहे आणि आत 7, म्हणजे प्लास्टिकच्या प्रकाराचा आकडा. सातमध्ये बरीच प्लास्टिकं येतात, पण असा कडक, काचेसारखा आरपार दिसणारा जार बहुतेक पॉलिकार्बोनेटचा असतो. ते तयार होतं बिस्फेनॉल-एपासून, म्हणजे बीपीए. शरीरात गेलं की हे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं.

ते थोडंथोडं पाण्यात उतरतंच, पण खरा घोळ उष्णतेचा आहे. 2008 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा बाटल्यांत उकळतं पाणी ओतून पाहिलं. बीपीए 15 ते 55 पट वेगानं सुटलं! म्हणून जारमध्ये गरम पाणी कधीच भरू नका, धुवायलासुद्धा नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये बीपीएची सुरक्षित मर्यादा 20,000 पटींनी खाली आणली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत 2015 पासून बीपीए चालत नाही. मग तेच बाळ दोन वर्षांचं झालं की या जारमधलं पाणी पितं, त्याचं काय? मला हे खरंच छळतं.

(बाटली दाखवत) ही नेहमीची पाण्याची बाटली. आकडा 1, म्हणजे पेट नावाचं प्लास्टिक. पेट बनवताना बीपीए लागत नाही, अँटिमनी नावाचा धातू मात्र लागतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठानं बाटल्या तापवून मोजलं. अँटिमनी अमेरिकेतल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर जायला 60 अंशांना 176 दिवस लागले, 80 अंशांना जेमतेम सव्वादोन दिवस. त्यामुळे गाडीत एकदा तापलेलं पाणी प्यायलात म्हणून घाबरू नका. मला काळजी वाटते ती दुकानाबाहेर महिनोन्महिने उन्हात रचलेल्या खोक्यांची. तिथली बाटली घेऊ नका, आतली मागा. आणि तीच बाटली महिनाभर भरून वापरत असाल, तर रसायनाआधी तोंडाशी साचणारे जंतू पोट बिघडवतील.

आम्ही आता जार आला की लगेच पाणी माठात ओततो. जारवाल्या दादांना तो आकडा दाखवला, तर म्हणाले, "ताई, इतकी वर्षं खांद्यावर वाहतोय, खाली कधी बघितलंच नाही." परवा त्यांच्या टेम्पोवर, जारना ऊन लागू नये म्हणून, ताडपत्री होती.