भीती ओसरते कशी

(काचेची पेटी, तळाला धातूच्या गजांची जाळी, आत उंदीर)

आता आवाज होईल. हा झाला. उंदीर होता तिथेच थिजला. श्वासाने पोट हलतंय, तेवढंच.

काल याच आवाजापाठोपाठ त्याच्या पायांना विजेचा झटका बसला होता. आज झटका नाही, नुसता आवाज. तो परत परत ऐकवला, वाईट काही घडलं नाही, की उंदीर हळूहळू सैलावतो. नाक वर करून हुंगतो. चालू लागतो. कालची आठवण त्याच्या मेंदूत आहेच. आज त्याने वर आणखी एक गोष्ट शिकून घेतली, की आवाज आला तरी काही होत नाही.

2002 साली म्युनिकच्या मॅक्स प्लांक मानसोपचार संस्थेतल्या संशोधकांनी हा प्रयोग दोन तऱ्हेच्या उंदरांवर केला. काही साधे, तर काहींच्या मेंदूत सीबी-1 हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा निरोप टिपणारा रेणू, जन्मापासूनच नव्हता. भीती दोघेही सारखीच शिकले. पण सीबी-1 नसलेल्यांची भीती सुटेना. झटका नाही, तरी आवाज झाला की थिजायचे.

(सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशी)

गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, चिकटतं ते याच सीबी-1ला. मग शरीराला तो कशासाठी लागतो? 1992 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलाम यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून सीबी-1लाच चिकटणारं ॲनंडमाइड हे द्रव्य वेगळं केलं. शरीर स्वतःच बनवतं ते. पुढे तसंच दुसरं द्रव्य, टू-एजी, सापडलं. पेशी ही द्रव्यं साठवून ठेवत नाही, गरज पडली की आपल्याच आवरणातल्या स्निग्धांशातून तयार करते. त्यांची वाटही उलटी. निरोप ऐकणारी पेशी ती सोडते आणि निरोप देणारीला थोपवते. काम झालं की विकरं त्यांना मोडून टाकतात. म्युनिकच्या साध्या उंदरांमध्ये तो आवाज ऐकताना ही दोन्ही द्रव्यं ॲमिग्डालात, भीतीच्या केंद्रात, वाढलेली आढळली.

घाबरलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ सांगणाऱ्यांनी तो न सैलावणारा उंदीर नीट पाहावा. त्याच्यात कमी होता तो एक रिसेप्टर.

गांजा हा यावरचा उपाय नव्हे. टीएचसी ठिकाण निवडत नाही, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसलाही गाठतं, आणि जास्त मात्रेत घबराट वाढवतं. उलट सीबी-1 अडवणारं रिमोनाबँट वजन घटवायला 2006 मध्ये युरोपात आलं. नैराश्य आणि चिंतेच्या तक्रारींमुळे 2008 मध्ये थांबवावं लागलं. ॲनंडमाइड मोडणाऱ्या विकराला रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्याही माणसांवर झाल्या आहेत.